जास्वंदीच्या मिटल्या कळ्या

देव उन्हं आल्यावरच फुलं घेतो, ही मालनची जन्माची समजूत. वसईतल्या पापडीच्या वाडीत तिचा नवरा गंगाराम आधी झाडांना पाणी सोडी, मग आंघोळ, मग पूजा. तोवर आदल्या सांजेला खुडलेल्या जास्वंदीच्या कळ्या टोपलीत टरारून फुललेल्या असत. वाडीवाल्यांची रीतच ती.

फुलं जायची दादरच्या बाजारात. पण नव्वद साल उलटलं आणि वारं फिरलं. दादरात लांबलांबची फुलं ट्रक भरभरून उतरू लागली, वसईच्या टोपलीला कोण पुसतो? आणि इकडे माणिकपुरात भाताच्या खाचरांवर इमारती उठल्या. मुंबई बिऱ्हाड घेऊन वसईत निजायला आली! पूर्वेला कारखान्यांचे गाळे निघाले, तर उलट मुंबईची माणसं इकडे कामाला. मुंबई सुरू कुठे होते आणि संपते कुठे, हे सांगायला आता ब्रह्मदेवच खाली उतरायला हवा.

अशात बिल्डरचा माणूस वाडी मागायला आला. गंगाराम म्हणाला, "देऊन टाकू. फुलांत काय राहिलंय?"

लग्न होऊन आली तेव्हापासून मालनने एकेक रोप पोरासारखं वाढवलेलं. ती म्हणाली, "अहो, दादरला गिऱ्हाईक नाही म्हणता, आणि अख्खं दादर तुमच्या दाराशी येऊन बसलंय, ते दिसत नाही? एक वर्ष द्या मला. नाही जमलं तर मुकाट सही करते."

गंगाराम कबूल झाला. मालन माणिकपुरात दारोदार फिरली आणि रोज सांजेला कडीला फुलपुडी लटकवू लागली. आत टपोऱ्या कळ्या. घरं भराभर लागली आणि तितक्याच भराभर सुटली. "उद्यापासून नको." कारण कोणी सांगेना. मालनचं डोकं फिरलं. "नखरे मेल्यांचे! बागेतलं ताजं फूल नको, प्लास्टिकचं हवं!"

शेवटी ती तणतणत सुहासिनीच्या दारात उभी राहिली. हेच तिचं पहिलं गिऱ्हाईक. नवरा-बायको दोघंही मुंबईला नोकरीला. सुहासिनीने तिला आत बसवलं, चहा दिला.

"मावशी, रागावू नका. आमची पूजा होते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. तुमची कळी डोळा उघडते तेव्हा घराला कुलूप. संध्याकाळी येऊन बघावं, तर फुलाने मान टाकलेली."

"मग पूजा जरा उशिरा करा की!"

"उशिरा घरात असतं कोण? आमची लोकल पहाटेची."

मालनने कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. अगं बाई! देवालाही कामावर जायच्या आधी उरकायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिने वाडीची घडीच बदलली. सांजेला उमलणारी फुलं लावली: मोगरा, निशिगंध, पाणथळीला सोनटक्का. मंगळवारी गणपतीला लाल कण्हेर. जास्वंद फक्त रविवारी, कारण त्या दिवशी माणिकपूरचे देवही निवांत उठत.

गंगाराम कुरकुरला, "देवाची वेळ आता रेल्वे ठरवणार काय?"

"ठरवू दे. देवाला चालतं, तुमचं काय जातंय?"

सुटलेली घरं परत आली, शेजारणींना घेऊन आली. तरी वर्ष भरलं आणि बिल्डरचा माणूस कागद घेऊन हजर झाला, तेव्हा मालन हातातली टोपली ठेवून दारात येऊन उभी राहिली. शब्द दिला होता. आणि जमलं की नाही, हे ठरवणार होता गंगाराम. तो ओट्यावर पुड्या बांधत बसला होता. मान वर न करता म्हणाला,

"जूचंद्र गावात तुमची नवी इमारत झाली ना? तिथल्या बायकांचा निरोप आलाय, आम्हालाही पुडी हवी म्हणून. वाडी तुम्हाला दिली, तर तुमच्याच इमारतीतले देव पारोसे राहतील हो!"

तो माणूसही हसला. गंगारामने एक पुडी त्याच्या हातात ठेवली. "घरी न्या. आणि बसा, चहा घेऊन जा."

मालन आत गेली, पदराने डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.