डावा मडगार्ड

९ ऑक्टोबर १९६९. मृत तीन.

तुरिनबाहेरच्या एका कारखान्याची रंगखोली पेटली, तेव्हा एवाझिओ शेजारच्या छपरीत उजव्या मडगार्डचा पत्रा ठोकत होता. डावा मडगार्ड त्याच्या जोडीदाराने, सेकोन्दोने, आदल्या दिवशीच पुरा केला होता. त्या तिघांत सेकोन्दो होता.

तिथे एका गाडीला दोन कारागीर असत, एकेका बाजूला एकेक. भरवसा मोजपट्टीपेक्षा तळहातावर. पत्र्यावर पातळ फडके टाकून, डोळे मिटून हात फिरवायचा. मग उंचवटा पाण्याखालच्या दगडासारखा बोटांना कळे. सेकोन्दो डावरा. त्यामुळे या जोडीची गाडी दोन्ही अंगांनी तंतोतंत सारखी कधीच उतरली नाही.

पुढे कारखाना बुडाला. थकलेल्या पगारापोटी एवाझिओच्या पदरी हीच अर्धवट गाडी पडली. ती त्याने पुरी केली आणि चाळीस उन्हाळे टप उघडून बायकोला, इल्देला, लांगेच्या टेकड्यांतून फिरवले. सुकाणू डावीकडे, म्हणून द्राक्षमळे, धुके, चर्चचे मनोरे, सारे काही त्याला सेकोन्दोच्या मडगार्डवरूनच येताना दिसे. वळणावर तो पत्रा आभाळ उचलून घेई आणि हलकेच खाली ठेवी. अशा वेळी एवाझिओला वाटे, गाडी दोघेजण चालवत आहेत.

आता मोतीबिंदूमुळे परवाना गेला. गाडी विकायला काढली, आणि जूनमधल्या एका दुपारी नोएमी नावाची दाताची डॉक्टर ती पाहायला आली.

"डावी बाजू बोटभर वर आहे. कुठे ठोकली होती का?"

"नाही बाई. जन्मतः तशी आहे."

"मग उजवीच्या मापाने सरळ करून घेईन. माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे."

एवाझिओने किल्ली खिशात टाकली. "मग गाडी विकायची नाही."

"झालं!" इल्दे खिडकीतून म्हणाली. "तिसरं गिऱ्हाईक पळवलंस. गाडीला बोट लावलं की याचं पोट दुखतं! आता या डोळ्यांनी चालवणार आहेस का म्हाताऱ्या?"

खिशातला रुमाल काढून त्याने मडगार्डवर पसरला. "डोळे मिटा आणि हात फिरवा. घाई करू नका."

नोएमी हसली, पण डोळे मिटले. तिचा हात दिव्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. अंगणात मधमाश्यांचा गुंजारव तेवढा राहिला.

"कुठे अडकत नाही," ती हळूच म्हणाली. "कोणी केलाय?"

"सेकोन्दो बाराले. डावरा होता. त्याच्या हातचं हे शेवटचं काम."

तिने रुमालाची घडी करून तो परत दिला. "वीस वर्षं लोकांची तोंडं बघतेय, आजोबा. दोन्ही बाजू सारख्या असलेलं एकही पाहिलं नाही. राहू दे हा असाच."

"शब्द?"

"शब्द."

खरेदीपत्रात अशा शब्दाला रकाना नसतो. तरीही त्याने सही केली. गाडी टप उघडून पॉपलरच्या रांगेत शिरली. तिची तांबडी पाठ उन्हात विरघळत गेली.

सेकोन्दोचे जे श्रम आपण पगार म्हणून घेतले, तेच आज आपण विकले, हे एवाझिओला फाटक लावताना उमगले. त्या मडगार्डला अकरा दिवस लागले होते. सेकोन्दोची त्या अकरा दिवसांची मजुरी कोणी कधीच दिली नाही.