दादाच्या अंगातून आलेली कृपा

“तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत,” पेणचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. मी तर पायांच्या सुजेसाठी गेले होते.

मी रोह्याला प्राथमिक शाळेत शिकवते. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून पाय सुजतात, असं मी धरून चालले होते. तोंडाची चव गेली होती, अंगाला खाज सुटायची, सकाळच्या चहाचा वाससुद्धा नको वाटायचा. यातलं एकही लक्षण मला किडनीचं वाटलं नाही. तुम्हालाही वाटणार नाही, म्हणून लिहितेय. पाय सुजून राहत असतील तर क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्तातली ही एक घाण असते, किडनी ती बाहेर टाकते. टाकेनाशी झाली की आकडा चढतो. माझा इतका चढला होता की डॉक्टरांनी कागद आधी माझे मिस्टर अनिल यांच्याकडे सरकवला.

डायलिसिस सुरू झालं. म्हणजे आपलं रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. त्यासाठी हाताची एक शीर ऑपरेशन करून धमनीला जोडतात, तिला फिस्टुला म्हणतात. तिच्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी सतत घरघरतं. पहिले काही दिवस मला त्या हातावर झोपायची भीती वाटायची.

अनिलना कंपनीत शिफ्ट असायची, म्हणून मी रोह्याहून गाडीनं एकटीच पेणला जायची. तिथे दिनेशदादा यायचा. हा माझा थोरला भाऊ. राहतो कासूला, आणि तेव्हा डोलवीला एका ठेकेदाराकडे लोडिंगला होता. शिफ्ट सुटली की तसाच धुळीच्या कपड्यांत येऊन बाकड्यावर बसायचा. फार बोलायचा नाही. माझी पिशवी मांडीवर घेऊन बसायचा.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ती सांगते. हळूहळू लघवी बंद होते. त्यामुळे पाणीही मापून प्यावं लागतं, नाहीतर ते अंगात, छातीत साठतं. शाळेत मुलं नळाला ओंजळ लावून पाणी प्यायची, हनुवटीवरून सांडायची, आणि मी वर्गाच्या दारातून बघत राहायची. एवढी साधी गोष्ट देवानं आजवर फुकट दिली होती, आणि मी कधी त्याची आठवणसुद्धा ठेवली नव्हती.

नवी मुंबईच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सुचवलं. दुसऱ्याची एक किडनी काढून मला बसवायची. अनिलना डायबिटीस, त्यामुळे त्यांची चालणार नव्हती. आई गेलेली, बाबा थकलेले. मी आमच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या देवळात जाऊन हात जोडले. “देवा, कुणाची तरी जुळू दे.” आपण नेमकं काय मागतोय, याचा तेव्हा विचार केला नाही. कुणाचं तरी पोट कापलं जाऊ दे, असंच मी मागत होते.

“माझी बघा,” दादा एक दिवस डायलिसिसच्या सिस्टरना म्हणाला.

मी पलंगावरून ओरडले, “अजिबात नाही.”

“तुला कुणी इचारलंय? तपासणी माझी हाय.”

जुळली. डॉक्टरांनी दादाला समोर बसवून सगळं समजावलं. एका किडनीवर माणूस नीट जगतो, पण काही महिने ओझं उचलायचं नाही, पुढेही जपायचं, दरवर्षी तपासणी करायची. दादानं मान डोलावली. शेजारी रंजनावहिनी बसली होती. ती डॉक्टरांकडे नाही, दादाच्या पोटाकडे बघत होती.

मंजुरीसाठी समिती असते. ते लोक घरच्यांना वेगवेगळं विचारतात, कुणी दबाव आणला का, पैसे दिले का. वहिनीला विचारलं तेव्हा दार अर्धं उघडं होतं. “नाय,” एवढंच ती म्हणाली. त्या एका शब्दात होकार किती आणि हतबलता किती, ते मला कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस तो ‘नाय’ माझ्या कानात राहिला.

ऑपरेशनच्या सकाळी दादाला आधी आत नेलं. स्ट्रेचरवरून तो म्हणाला, “सुनंदा, चांगला माल चाललाय हां. जपून वापर.” वॉर्डबॉय हसला. मी हसू शकले नाही.

शुद्धीवर आले तेव्हा सिस्टरनं पलंगाला लावलेली पिशवी उचलून दाखवली. “बघा मॅडम, लघवी सुरू झाली!” ती इतकी खूष होती, जणू तिच्याच घरी बाळ जन्मलं होतं. त्या पिवळ्या पाण्याकडे बघून मी रडले. देवाची कृपा डोळ्यांनी दिसते का, असं कुणी विचारलं तर मी ती पिशवी सांगेन. लोक हसतील. डायलिसिसवर असलेला माणूस हसणार नाही.

“दादा कसा आहे?” मी विचारलं.

दादाला खूप दुखत होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात, त्याची कळ खांद्यापर्यंत जाते. पुढे एकदा काचेतून मला तो दिसला. कुशीला हात लावून, वाकून, भिंत धरून चालत होता. गोण्या पाठीवर घेणारा माझा भाऊ!

डॉक्टर म्हणाले, “हे असंच असतं. ज्याला मिळते त्याला लगेच बरं वाटायला लागतं. जो देतो, तो धडधाकट माणूस आमच्याकडे येऊन आजारी पडतो.”

घरी आले. मास्क, वेगळी खोली, घड्याळ लावून गोळ्या. टॅक्रोलिमस नावाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. आपलं शरीर नवी किडनी परकी समजून तिच्यावर हल्ला करतं, तो ही गोळी थोपवते. माझे रिपोर्ट चांगले येत गेले. भेटेल तो म्हणायचा, “देवाची कृपा!” आणि मला आत टोचायचं. देवानं स्वतःच्या पदरचं काय दिलं? दादाच्या अंगातलं काढून मला दिलं.

दादाला ठेकेदारानं लोडिंगला परत घेतलं नाही. वजनकाट्यावर बसायचं हलकं काम मिळालं, पगारही हलका. वहिनी वडखळला एका हॉटेलात पोळ्या लाटायला जाऊ लागली. हे कळल्यावर मी कासूला जायचं टाळू लागले. इन्फेक्शनचं कारण होतंच. खरं कारण, वहिनीला तोंड दाखवायची लाज.

आणि मग मी एक विचित्र गोष्ट करू लागले. दादाचा फोन आला की आवाज बारीक करायची. “बरी आहे, पण थकायला होतं रे,” म्हणायची. खरं तर मी पोटभर जेवत होते, मन भरेस्तोवर पाणी पीत होते, पुन्हा शाळेत जायची तयारी करत होते. पण त्यानं एवढं गमावल्यावर मी ठणठणीत आहे, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

एके दिवशी दादा आणि वहिनी न कळवता रोह्याला आले. दादा उतरलेला, गाल आत गेलेले. मी पाणी आणायला आत गेले, तशी वहिनी माझ्या मागून स्वयंपाकघरात आली.

“वन्सं, खरं सांगा. रिपोर्ट बिघडलाय काय?”

“नाही गं. चांगला आहे.”

“मग थकायला होतं, थकायला होतं काय लावलंय? हे तिकडं जेवत नायत. म्हणतात, माझीच किडनी नासकी निघाली, बहिणीला नीट दिली नाय.”

हा विचार मला शिवलाही नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. ठणठणीत आहे म्हणायची लाज वाटते, हेही सांगितलं.

वहिनी ओट्याला टेकली. “मला राग आलेला वन्सं. खोटं कशाला बोलू? माझ्या नवऱ्याचं पोट फाडलं. अजून कधी कधी येतो. पण फाडलं ना आता? मग तुम्ही तरी नीट ऱ्हावा की. तुम्ही अशा रडत बसलात, तर ते कशापायी गो केलं?”

त्या ‘नाय’नंतर वहिनीचं एवढं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. मी तिला मिठी मारली. ती ताठ उभी राहिली, मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर येऊन मी दादासमोर रिपोर्ट धरला. त्याला आकडे कळत नाहीत. “चांगलं हाय का वाईट, तेवढं बोल.”

“एकदम चांगलं. तुझी किडनी धडधाकट आहे, आणि मीही. मी खोटं बोलत होते.”

त्यानं मला शिवी हासडली आणि दोन हातांनी तोंड पुसलं. त्या दुपारी तो माझ्या घरी दोनदा भात मागून जेवला.

ज्यांना कुणाकडून असं काही घ्यावं लागणार आहे, त्यांना मी एवढंच सांगेन. टोचणी जाणार नाही, माझी गेलेली नाही. पण ती देणाऱ्याच्या ताटात वाढू नका. दादाकडे बघितलं की हल्ली मला देव दिसतो, वहिनीच्या रागातही दिसतो, आणि प्रत्येक वेळी मान खाली जाते.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही कुंडलिका नदीच्या काठानं फिरायला निघालो. बोलता बोलता मी पुढे गेले.

“वन्सं, सावकाश,” वहिनीनं हाक मारली. “तुमचे दादा मागं राहिले.”

मी चटकन थांबले. दादा कुशीवर हात ठेवून येत होता.

“अगो, थांबवू नको तिला,” तो लांबूनच ओरडला. “चालू दे. मला बघू दे.”