ताईच्या गाडीचा गिअरबॉक्स

मांजरी गावात आमची रोपवाटिका आहे. ती माझी थोरली बहीण चालवते. शेजारच्या शेडमध्ये माझं गॅरेज आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करणं हे माझं मुख्य काम. ताईचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. त्यामुळे क्लचचं पेडल नसलेली गाडी ही तिची हौस नव्हती, गरज होती. जुन्या सात सीटर गाडीच्या मागच्या सीटा काढून ती त्यात गुलाबाची रोपं भरायची आणि दिवे घाट चढून सासवडकडच्या शेतकऱ्यांना स्वतः पोचवायची.

गेल्या उन्हाळ्यात गाडीनं अर्ध्या घाटात दगा दिला. ताईचा फोन आला, "इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काय पुढं सरकंना."

मी पोचले तेव्हा ती कडेला उभी राहून रोपांवर ओलं गोणपाट टाकत होती. गाडीखालून करपलेल्या तेलाचा वास येत होता.

गाडी ओढून आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथले साहेब म्हणाले, "नवीन गिअरबॉक्स टाकू. पण मॅडम, ही गाडी माल वाहायला नाही. घाटासाठी टेम्पो आणि ड्रायव्हर ठेवा. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "मी आपली घरी बसून तुमच्यासारखे सल्ले देते."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तूच कर. नुसता दुरुस्त नको. माझ्या कामाला टिकंल असा कर."

मी हो म्हणाले खरी, पण तोवर मी गिअरबॉक्स होता तसा करून देत होते. त्याहून मजबूत कधी केला नव्हता.

ऑटोमॅटिकमध्येही क्लच असतात; गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेल्या पातळ चकत्या. तेलाच्या दाबानं त्या एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हा गाडी ओढते. ताईच्या गाडीतल्या चकत्या जळून काळ्या पडल्या होत्या. ओझं जड, तेल तापलेलं, पकड सुटलेली. मी जास्त उष्णता सोसणाऱ्या चकत्या मागवल्या, तेल अडवणारी सगळी रबरी सिलं बदलली, तेल थंड ठेवायला समोर मोठा कूलर बसवला आणि तेलाचा दाब वाढवला.

पहिल्याच फेरीला ताई वैतागली. "बैलानं लाथ मारावी तसा गिअर पडतोय. रोपं सगळी आडवी झाली बघ."

दाब जास्त झाला होता. मनाला फार लागलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी गिअरबॉक्स परत खोलला. दाब थोडा उतरवायचा, सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरपर्यंत जाऊन यायचं, पुन्हा थोडा उतरवायचा. असं करत करत एकदाची पकड घट्ट आणि गिअर मऊ झाला.

मग भर दुपारी, गाडी रोपांनी ठासून भरून, आम्ही घाटाला लागलो. मी शेजारी बसून तेलाच्या तापमानाच्या काट्यावरून नजर हलवत नव्हते. एका वळणावर पुढचा ट्रक थांबला, आणि आम्हालाही चढावर थांबावं लागलं. खरी परीक्षा हीच होती. ट्रक हलला. ताईनं ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी ना घसरली, ना कुरकुरली. सरळ वर निघाली.

माथ्यावर मी विचारलं, "थांबायचं जरा?"

"कशाला? रोपं तापतायत."

सासवडच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या बांधाशी गाडी उभी केली. ट्रे उतरवताना तो म्हणाला, "ताई, एवढं ओझं घिऊन ही घाट चढली?"

"चढणारच. गिअरबॉक्स माझ्या बहिणीनं बांधलाय," ताई म्हणाली. माझ्याकडे न बघता, ट्रे पुढे सरकवत.

घरात ताईनं माझं कधी तोंडावर कौतुक केलेलं मला आठवत नाही. मी दोन ट्रे उचलले आणि पाठ फिरवून शेताकडे चालू लागले. हसू काही केल्या आवरत नव्हतं.