रुपये एकवीसशे ओन्ली

पोलीस ॲक्शन झाली, कचेरीतली उर्दू मागं पडली, अन् पुण्याहून नानासाहेब टाइपरायटर घेऊन औरंगाबादेत उतरले. कचेरीसमोर माझं चहाचं हॉटेल. त्याच्या ओट्यावर बसून ते लोकांचे कागद इंग्रजीत करून द्यायचे. मी सांडू, ओट्याचा मालक. पण त्यांचा तोरा असा, की जसं काय मीच त्यांचा भाडेकरू!

तवा आमच्याकडं दोन रुपये चालायचे. निजामाचा हाली अन् सरकारी कलदार. सहा कलदार म्हंजे सात हाली. म्हणून कागदावर रकमेसंगं सिक्क्याचं नाव घालायची रीत व्हती. नाव नसलं तर इथला हाली धरायचा.

नानासाहेब नाव घालायचे नाय. "सांडू, इंग्रजीत रुपया म्हणजे रुपया. शेवटी 'ओन्ली' लावलं की काम चोख." अन् सोता? टायपिंगचे पैसे कलदारात घ्यायचे, माझं भाडं हालीत द्यायचे. येडं नव्हतं हो माणूस!

हिमरूच्या नक्षीदार शाली विणणारी वहिदाबी. नवरा वारल्यावर तिनं त्याचा माग विकायला काढला. ठरले तीनशे कलदार. नानासाहेबांनी टाइप केलं, रुपये तीनशे ओन्ली. घेणाऱ्यानं तीनशे हाली टेकवले. पन्नास हालीला बुडाली बिचारी. रडत आली तर हे म्हणाले, "बाई, इंग्रजी कळत नसेल तर भांडू नये." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण बाई खमकी. भावांच्या मागावर बसली, शाली विकल्या, दोन वर्सांत पुन्हा उभी राहिली.

इकडं नानासाहेबांच्या घरी द्वारकाबाईंनी पुण्याचा ध्यास घेतला. तिथं एक खोली जमली, किंमत एकवीसशे. पुण्यात हालीला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून त्यांनी इथं हर्सूलला घेतलेलं घर विकायला काढलं, अन् घ्यायला आली वहिदाबी. एकवीसशे कलदार ठरले. माझ्या ओट्यावरच ठरले, चहा मीच पाजला. कागद कुणी करायचा? नानासाहेबांनीच! रुपये एकवीसशे ओन्ली.

सह्या झाल्या. वहिदाबीनं गाठोडं सोडलं अन् रजिस्ट्रारसमोर एकवीसशे हाली मांडले.

"कलदार ठरले होते!" नानासाहेब ओरडले.

"कहां लिखे है, साब?" ती म्हणाली. "तुमीच बोलले ना, रुपया म्हंजे रुपया."

रजिस्ट्रारनं कागद उलटा केला, सुलटा केला अन् म्हणाला, "घ्या मोजून."

एकवीसशे हाली म्हंजे अठराशेच कलदार. तीनशे कलदाराला खड्डा! पुण्याची खोली हातची जायची पाळी. नानासाहेबांनी फणफणत वहिदाबीला नोटीस टाइप करायला घेतली. द्वारकाबाई ओट्यापाशी आल्या, म्हणाल्या, "अहो, निदान आता तरी कलदार लिहा." मी पण म्हणलं, "साहेब, लिहा. हात जोडतो."

"म्हणजे इतके दिवस मी चूक लिहीत होतो, असं लिहून देऊ?" अन् खटाखट उमटलं, रुपये तीनशे ओन्ली.

दुसऱ्या दिवशी वहिदाबी हजर. भांडण नाय, तंटा नाय. तीनशे हाली मोजले, पावती मागितली.

"अजून पन्नास हाली राहतात," नानासाहेब पुटपुटले. तोंड उतरलं व्हतं.

"व्हय, पन्नास," वहिदाबी म्हणाली. "वो मेरे मागके." अन् गेली.

खोलीला कमी पडलेले ते पन्नास आणायचे कुठून? शेवटी टाइपरायटर विकायला काढला, अन् मीच घेतला. त्रेचाळीस कलदार दिले. नानासाहेब पावती लिहायला पुढं झाले, तर द्वारकाबाईंनी त्यांच्या हातातला टाक काढून घेतला. पावती त्यांनीच लिहिली, मराठीत. रकमेआधी 'कलदार' लिहिलं, रकमेनंतर पुन्हा 'कलदार' लिहिलं, अन् नवऱ्यापुढं कागद सरकवला.

"करा सही," त्या म्हणाल्या. "वाचू नका."