सोजराबाईंच्या लेकी

सोजराबाई बीडकडच्या. तळवड्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात त्यांचं टेबल माझ्या शेजारी होतं. अणुभट्टी चालू असताना तिच्या पोटात डोकावता येत नाही. आत काही बिघडू लागलं, तर ते तिथे बसवलेल्या काडीएवढ्या नळ्यांकडूनच कळतं. त्या नळ्या आम्ही बनवायचो. सोजराबाई त्यांत पांढरी पूड भरायच्या. "आगीत उभ्या ऱ्हात्यात माझ्या लेकी," म्हणायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. तरी आम्ही मेल्या चिडवायचो, "जावई कधी दाखवताय?"

पूड मात्र भारी नाजूक. ओल लागली की नळी खोटं बोलते; उगाच बोंब मारते, नाहीतर खरी बोंब गिळून टाकते. हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं.

खंडेनवमीला यंत्रांना झेंडू घातला, नारळ फुटला, सगळे पेढे खायला बाहेर गेले. सोजराबाई मागे राहिल्या. यंत्रांची पूजा झाली आणि आगीत जाणाऱ्या लेकी तशाच, हे त्यांना बघवेना. नळ्यांची तोंडं अजून बंद व्हायची होती. त्यांनी कपाटातून एकेक काढून ओल्या बोटानं हळदीकुंकू लावलं आणि पुसून परत ठेवल्या.

दसऱ्यानंतर तपासणीत नळ्या नापास झाल्या. संशय आला नुकत्याच कामाला लागलेल्या अपेक्षा नावाच्या पोरीवर. रणजीतसाहेब तिला झापायला लागले, तशा सोजराबाई उठल्या.

"तिला नका बोलू, साहेब. म्या कुकू लावलं."

"कुठल्या नळ्यांना?"

"समद्यांला. एकीला लावायचं आन् दुसरीला न्हाई, असं कसं करू?"

साहेबांनी डोकं धरलं. वाळवून ओल जाईल, आत गेलेली हळद कशी जाणार? नळ्या भंगारात गेल्या आणि सोजराबाई घरी. मला त्यांचा भयंकर राग आला. सगळं ठाऊक असून बाईनं हे करावं? मग त्यांचं रिकामं टेबल बघून रडू आलं.

आता त्या चाकणच्या एका खानावळीत पोळ्या लाटतात. यंदा खंडेनवमीला मी मुद्दाम गेले. मालकिणीनं करंडा पुढे केला, "लाटण्याला तुम्हीच लावा, मावशी." सोजराबाईंनी हात पदराखाली घेतले.

"नगं. माझ्या हातचं सोसत न्हाई."

निघताना त्यांनी मला दारात गाठलं.

"विजू, माझ्या लेकींला भंगारवाल्यानं हातानं उचललं, का फावड्यानं गं?"

मी म्हटलं, "हातानं, सोजराबाई."

फावड्यानंच भरल्या होत्या.