पाचव्या फरशीवरून

कळंबात आजवर जितकी बदकं मेली असतील, ती सगळीच्या सगळी आमच्या घरमालकीणबाईंनी मारली आहेत, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. कळंबात बदकं आहेत कुठं, असं कुणी विचारलं तर मी त्याला दोष देणार नाही. ज्वारी, सोयाबीन आणि मोटारसायकली यांनी भरलेल्या त्या गावात मी सात वर्षं काढली आणि खरं बदक एकदाही पाहिलं नाही. पण काकूंच्या पुढच्या खोलीतल्या डब्बा टीव्हीत (सगळं गाव त्यांना काकूच म्हणतं) ती रोज दुपारी गवतातून फडफडत वर यायची आणि काकू प्लॅस्टिकच्या बंदुकीनं त्यांना एकेक करून टिपायच्या. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्यालाही बंदी, आणि वर हा उद्योग! एकादशीला मात्र शिकार बंद. त्या दिवशी त्या रणगाड्यांचा गेम खेळायच्या. ‘‘काकू, रणगाड्यात माणसं असतील की,’’ असं मी एकदा म्हणालो. ‘‘असतील. पर एकादशीचं त्यांनी घरातनं बाहेर कशाला पडावं?’’ असं म्हणून त्यांनी आणखी एक उडवला.

बदली होऊन मी कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो, तेव्हा पिठाच्या गिरणीवर एक खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं. मी खालचं दार वाजवलं. आतून धाड धाड आवाज येत होते आणि त्यांच्यावर ताण करणारी एक आरोळी आली, ‘‘थांबा, तीन ऱ्हायलीत!’’ मी थांबलो. तिन्हींचा निकाल लागल्यावर दार उघडलं. समोर साठीच्या आतबाहेरची उंच बाई, भुवयांवर पीठ आणि हातात नारिंगी बंदूक. बंदूक माझ्या पोटावर रोखलेली होती, पण तो निव्वळ विसराळूपणा. भाडं, पाणी, वीज यांबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. पहिला प्रश्न आला, ‘‘टीव्ही कसला हाय तुमच्याकडं?’’ मी जरा ऐटीत सांगितलं, ‘‘सपाट आहे, बत्तीस इंची.’’ सगळं जुळलेलं स्थळ ऐन वेळी दारूडं निघावं तसा काकूंचा चेहरा झाला. ‘‘असू द्या,’’ त्या मोठ्या मनानं म्हणाल्या, ‘‘वरच ठिवा त्याला. खाली आणू नका.’’

त्या खोलीत शहाबादी फरशी होती आणि टीव्हीपासून मोजून पाचव्या फरशीवर काकूंचा पाट असे. चौथ्या फरशीवरून मारलेलं बदक त्या हिशेबातच धरत नसत. गल्लीतली पोरं बंदुकीची नळी काचेला चिकटवून मारायची, त्याला त्या शिकार म्हणत नसत, ‘‘गवत कापायलेत’’ म्हणत. खेळण्याआधीचा विधीही ठरलेला. टीव्हीवरचा विणलेला रुमाल काढायचा, कॅसेटच्या दातांवर फुंकर मारायची, कॅसेट खोचायची, आणि चित्र हललं की टीव्हीच्या उजव्या गालावर एक हलकी चापट. डाव्या गालावर मी एकदा मारली तर आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

हे खूळ आलं कुठून, ती गोष्ट साधी आहे. गेम खरा त्यांच्या मुलाचा. यजमान लवकर गेले, गिरणी काकूंनी अंगावर घेतली आणि एकुलता एक मुलगा अकरावीला लातूरला शिकायला गेला. गेम मागं राहिला. यंत्र बंद ठेवलं की जाम होतं, हे गिरणीतलं शास्त्र काकूंनी गेमला लावलं. पोरगा दिवाळीला येईल तेव्हा चालू मिळायला पाहिजे, म्हणून त्या रोज अर्धा तास तो चालवायला लागल्या. दिवाळीला पोरगा आला, आईकडून सलग अकरा डाव हरला आणि त्यानं बंदूक जी खाली ठेवली ती कायमची. काकूंनी ठेवली नाही. घर रिकामं झालेली बाई रोज अर्धा तास काय करते आहे, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसावं. माझ्याही फार उशिरा आलं.

पुढं घराघरांतून डब्बे टीव्ही बाहेर पडायला लागले, तेव्हा कळंबचा भंगारवाला इतरांच्या दारात ‘‘द्यायचं का काही?’’ असं विचारायचा आणि काकूंच्या दारात ‘‘घ्यायचं का काही?’’ असं. एक टीव्ही ठेवायचा, पायलीभर ज्वारी दळून न्यायचा. माझ्या काळात गिरणीच्या मागच्या खोलीत असे तीन डब्बे होते, चौथ्याला लागेल तो अवयव दान करायला बसलेले. लोक हसायचे. एका माळकरी बाईंनी तर तोंडावर सुनावलं, ‘‘या वयात हातात जपमाळ शोभती, काकू.’’ काकू म्हणाल्या, ‘‘सकाळी ती असतीच की. देवानं दोन हात दिलेत, दुसऱ्यानं काय उपाशी बसावं?’’ बाईंनी पुढचे दोन महिने दळण दुसरीकडं टाकलं. काकूंचं पीठ जास्त बारीक म्हणून मग गुमान परत आल्या.

आता माझ्या लाजेचा भाग सांगतो. एका दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तो पंचावन्न इंची सपाट टीव्ही घेऊनच. मुलगा गुणी, आईवर जीव असलेला. बसवायला आलेल्या माणसांनी टीव्ही भिंतीवर टांगला आणि डब्बा उचलून मागच्या खोलीत नेला. आईचा खेळ बुडू नये म्हणून मुलानं जुना गेम नव्या टीव्हीला जोडायची एक डबीसुद्धा आणली होती. काकूंनी तोंड वाकडं केलं, पण लेकाचं मन मोडवेना, म्हणून पाचव्या फरशीवर पाट मांडला. बदक वर आलं, एवढं मोठं की हातानं धरावं. काकूंनी चाप ओढला. बदक उडून गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं, दहाच्या दहा गेली. मुलगा टीव्हीकडं बघतच नव्हता, तो आईच्या मनगटाकडं बघत होता. ‘‘आई, हात थरथरतोय का गं तुझा?’’ असं त्यानं हळूच विचारलं आणि माझ्याकडं वळला. मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. कुणी विचारलं की गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. वय, नजर, मज्जातंतू, यांवर मी चांगली दहा मिनिटं बोललो. आईला पुण्याला नेऊन ठेवावं आणि गिरणी कुणाला तरी चालवायला द्यावी, हे मुलाच्या मनात कैक वर्षं होतं. त्या दुपारी त्याला पुरावा मिळाला आणि साक्षीदारही. ‘‘आता बास झालं आई, सामान बांधायला घेऊ,’’ तो म्हणाला.

काकू नुसत्या स्वतःचा तळहात उलटासुलटा करून बघत राहिल्या, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

दोन दिवस गिरणी बंद होती. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून टाकीचा, म्हणजे छिन्नीचा, आवाज आला, टक टक टक. चक्कीचे दगड झिजून गुळगुळीत झाले की टाकी आणि हातोडीनं त्यांच्यावर पुन्हा रेघा पाडाव्या लागतात, आणि हे काम काकू कुणालाही करू देत नसत. मी खाली गेलो. दगड उताणा पडलेला, काकू त्याच्यापुढं मांडी घालून बसलेल्या. ‘‘मास्तर, पट्टी आणा तुमची,’’ त्या म्हणाल्या. मी फळ्यावरची लांब पट्टी आणली. ‘‘लावा.’’ मी एकेका रेघेला पट्टी लावली. एकही रेघ केसभर हललेली नव्हती.

‘‘सांगा आता. हात थरथरायलाय व्हय?’’

‘‘नाही, काकू.’’

‘‘मंग बदक कामून मरंना?’’

मी पट्टी पुन्हा एकदा रेघेला लावून पाहिली. ‘‘पोराला उठवा,’’ काकू कडाडल्या, ‘‘आन् माझा डब्बा म्होरं आणा!’’

डब्बा टीव्ही उचलणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक. पुढून काच, मागून कुबड, धरायला कुठंच काही नाही. मुलगा आणि मी वाटेत दोनदा टेकवत तो आणला आणि भिंतीवरच्या पंचावन्न इंचांखाली ठेवला. रुमाल, फुंकर, चापट. काकू पाचव्या फरशीवर बसल्या आणि त्यांनी दहा बदकांवर दहा चाप ओढले. दहाही पडली. मुलाचा चेहरा मला बघवेना, आणि माझा त्याला.

‘‘या बंदुकीतनं गोळी सुटती व्हय?’’ काकूंनी विचारलं. ‘‘न्हाय सुटत. बंदूक बघती. नळीत बोट घातलं की बदक मरत न्हाय, हे म्या पयल्याच वर्षी बघितलंय. बदकाच्या जागी उजेड कवा येतो, ते ती बघती. डब्बा तवाच्या तवा दाखवतो. ह्यो तुमचा सपाट आधी इचार करतो, मंग दाखवतो. तवर बदक गेलेलं असतंय.’’ मग लेकाकडं बघून, पण आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, ‘‘माझा हात बघायच्या आधी तुझा टीव्ही बघायचा व्हता, बाबा. पुण्याला येईन म्या. आठ दिस ऱ्हाईन आन् माझ्या घरी परत येईन.’’

मी नंतर मोबाइलवर शोधून वाचलं. काकू बोलल्या होत्या त्यात एक अक्षर बदलायला जागा नव्हती. सपाट टीव्हीची रवानगी गिरणीत झाली, दळणाला आलेल्यांना बातम्या बघायला. ‘‘बातमी उशिरा आली तरी गिऱ्हाईक उडून जात न्हाय,’’ असा काकूंचा हिशेब. मुलगा एकटाच पुण्याला परत गेला.

पुढं माझी बदली उमरग्याला झाली. मध्ये बरीच वर्षं गेली आणि गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम वाट वाकडी करून कळंबला गेलो. काकू वाळल्या होत्या. डब्बा मात्र तोच, रुमाल तोच, पाट पाचव्या फरशीवर. मला बघून त्यांना कोण आनंद झाला! चहाच्या आधी त्यांनी बंदूक घेतली. दहातली चार बदकं निसटली. मी एकदा शहाणा झालेला माणूस, लगेच म्हणालो, ‘‘टीव्हीची ट्यूब गेलेली दिसते, काकू. मागं तीन डब्बे आहेत ना, त्यांतली टाकू.’’

काकूंनी बंदूक मांडीवर ठेवली. ‘‘ट्यूबला नाव ठिवू नका, मास्तर. तिचं काई चुकलं न्हाय. मागल्या आठवड्यात दगडाला टाकी लावली. पट्टी लावून बघितली.’’

‘‘मुलाला सांगितलंत?’’ मी विचारलं.

‘‘इचारल त्यो तवा सांगीन. खोटं न्हाय बोलायची. पर रेघ वाकडी आली म्हून पीठ पडायचं थांबलंय व्हय?’’ असं म्हणत त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि त्यांनी पायानं पाट पुढं सरकवला. चौथ्या फरशीवर. तिथून मारलेलं बदक ज्यांनी कधी हिशेबात धरलं नाही, त्या काकूंनी! माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असणार.

‘‘काय बघायलाव? बदकाला काय कळतंय, कुठनं मारलं ते,’’ त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चाप ओढला. त्या डावात नऊ पडली.

निघताना मी वाकून पाया पडलो, तेव्हा माझी नजर फरशीवर गेली. पाट आणि टीव्ही यांच्यामध्ये अजून तीन फरश्या शिल्लक होत्या. मी त्या दोनदा मोजल्या.