आत्याच्या डब्यातला वाद्यवृंद

आत्याच्या घरात शिरलं की आधी तो वास यायचा. आंबट, उग्र, घशाशी बसणारा. मेहरूणमधल्या तिच्या धाब्याच्या घरात धान्याच्या कोठीमागे एक चपटा पत्र्याचा डबा होता, आणि त्यात फिल्मचं रीळ; वास त्याचाच. रेडिओ नवा होता त्या काळात मुख्य चित्रपटाआधी वाद्यवृंदाच्या छोट्या फिल्मा दाखवत. तशा एकीत तिचे यजमान क्लॅरिनेट वाजवत बसले होते. धुळ्याच्या थेटरात तिने ती एकदाच पाहिली; तिचंच रीळ नंतर आत्याकडे आलं. पुढे ते लवकरच गेले. फोटो एकही नाही.

"त्यासनं तोंडच याद येत नही आते," ती एकदा म्हणाली. नवऱ्याचा चेहरा आता तिला आठवेनासा झाला होता.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मी माहेरी आले, ती आत्याला फिल्म दाखवायच्या हट्टालाच पेटून. तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या एका चाचांना अमळनेरहून बोलावलं. त्यांनी डबा उघडला, हुंगला, कपाळाला आठ्या घातल्या.

"थर चिकटलेत, अक्का. मोकळे झाले तर लावू. रविवारी मशीन आणतो."

जाताना त्यांनी डब्याकडे वळून पाहिलं. मला ते आवडलं नाही.

चिकट वस्तूला आमच्याकडे औषध एकच, ऊन. रविवारी आत्याने धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, कुरडयांशेजारी डबा ठेवला आणि धूळ जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावलं. वैशाखातलं जळगावचं ऊन, पाय टेकवत नव्हता.

"आत्या, राहू दे ना."

"तुले काय समजस वाळवणमधलं?"

दुपारी वर फुस्सकन आवाज झाला. झाकण उडालं होतं, पिवळा धूर निघत होता. मी बादली ओतली, तर आग पाण्याखालीही जळत राहिली. शेजारच्या कुरडया काळ्या पडल्या. आत्या जिन्यात उभी होती, ओरडलीसुद्धा नाही. मला तिचीच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी चाचा आले आणि राख बघून म्हणाले, जुनी फिल्म बारुदासारखी असते, बंद डब्यात तापली की पेटते, पाण्यानेही विझत नाही. शेजारीपाजारी सिनेमा बघायला आधीच जमले होते. मी चाचांना खुणेने नको म्हटलं, पण आत्याने भिंतीवर चादर बांधली.

"लाव, भाऊ."

त्यांनी रिकामं मशीन लावलं. चादरीवर पांढरा चौकोन पडला. आत्या उठली, उजेडात गेली आणि डाव्या कोपऱ्यावर तळवा टेकवला.

"आठेच बठेल व्हतात, क्लॅरिनेट लिसन. दुसरी ओळमा."

मग मागे न वळता म्हणाली, "बंद करू नको, भाऊ. आते तोंड दिसी."